हक्कांची मोजदाद : सुरत जिल्ह्याचा जुना-नवा हिशेब

सुरत हे नाव मराठी माणसाला परके नाही. शिवाजी महाराजांनी १६६४ साली आणि पुन्हा १६७० साली या शहरावर केलेल्या स्वाऱ्यांचे वर्णन आपण सर्वांनीच शाळेत वाचले आहे. पहिल्या स्वारीच्या वेळी तेथील कापुचिन धर्मगुरू फादर अँब्रोज यांच्या निवासाला महाराजांनी धक्का लावू दिला नाही, अशी नोंद बर्निये या फ्रेंच प्रवाशाने करून ठेवली आहे. आज त्याच सुरतेत, उधना आणि लिंबायत या भागांत, पोटासाठी खानदेशातून गेलेली असंख्य मराठी कुटुंबे नांदत आहेत. शहराबाहेर बारडोलीच्या परिसरात उसाचे अफाट फड पसरले आहेत. दरवर्षी दिवाळीच्या सुमारास धुळे, नंदुरबार आणि डांग या भागांतील मजूर आपली बायकामुले व चूलबोळकी घेऊन तेथे उतरतात आणि उन्हाळा तापेपर्यंत ऊस तोडतात. या लोकांच्या निमित्ताने आम्ही आज एका मोठ्या विषयाला हात घालणार आहोत. एखाद्या प्रदेशात माणसाचे हक्क पाळले जातात की नाही, हे ओळखायचे कसे, आणि त्याचा पाठपुरावा करायचा कसा?

हा विषय दिल्ली-जिनिव्हाच्या पंडितांचा आहे, असे वाचकांनी समजू नये. त्याची एक मुळी खुद्द सुरतेतच आहे. हंसाबेन मेहता यांचा जन्म ३ जुलै १८९७ रोजी सुरतेत झाला. १५ ऑगस्ट १९४७ च्या मध्यरात्री भारतीय स्त्रियांच्या वतीने घटना समितीला राष्ट्रध्वज अर्पण करणाऱ्या त्या ह्याच. पुढे संयुक्त राष्ट्रसंघाच्या मानवी हक्क आयोगावर त्या भारताच्या प्रतिनिधी होत्या. जाहीरनाम्याच्या मसुद्यात पहिल्याच कलमात ‘सर्व पुरुष’ असा अर्थ निघू शकेल असा इंग्रजी शब्द होता. त्या शब्दाच्या आडून उद्या कोणी स्त्रियांना वगळील, हे हंसाबेनांनी ओळखले व ‘सर्व मानव’ असा शब्द घालण्याचा आग्रह धरला. १० डिसेंबर १९४८ रोजी पॅरिस येथे तो जाहीरनामा संमत झाला, तेव्हा ४८ राष्ट्रांनी अनुकूल मत दिले, ८ राष्ट्रे तटस्थ राहिली आणि विरोधी मत एकही पडले नाही. हंसाबेनांचा शब्द त्यात कायम राहिला.

त्यांचे दुसरे काम मात्र फारसे कोणास ठाऊक नसते. १९४७ च्या डिसेंबरात जिनिव्हा येथे आयोगाने तीन गट नेमले. त्यांपैकी अंमलबजावणीचा विचार करणाऱ्या गटाच्या अध्यक्षा हंसाबेन होत्या. हक्क कागदावर लिहिले, पण ते पाळले जातात की नाही हे कोण पाहणार, आणि मोडले गेले तर गरिबाने कोणाचे दार ठोठवावे, हा प्रश्न त्या गटापुढे होता. तो प्रश्न आजही सुटलेला नाही. म्हणूनच आम्ही तो सुरत जिल्ह्याच्याच मातीत उतरवून पाहू इच्छितो.

मोजदादीने काय साधते याचा उत्तम दाखला याच जिल्ह्यात घडला आहे. १९२८ चा बारडोलीचा सत्याग्रह सर्वांस ठाऊक आहे. मुंबई सरकारने बारडोली तालुक्याचा शेतसारा सुमारे २२ टक्क्यांनी वाढविला. सरकारी अधिकाऱ्याने दिलेले आकडे कागदोपत्री अगदी नीटनेटके होते. पण खंडाच्या ज्या नोंदींवर ते आधारलेले होते, त्यांची खेडोपाडी जाऊन शहानिशा झालेली नव्हती. वल्लभभाई पटेलांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी सारा देण्याचे नाकारले. त्यांची मागणी साधी होती : निःपक्षपाती चौकशी करा, आणि चौकशीत जे निघेल ते आम्ही मान्य करू. अखेर सरकार नमले व ब्रूमफील्ड आणि मॅक्सवेल या दोन अधिकाऱ्यांची चौकशी बसली. ते गावोगाव हिंडले. महादेवभाई देसाई, नरहरी परीख यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी शेतकऱ्यांची बाजू हिशेबासह मांडली. १९२९ साली निष्कर्ष बाहेर आला : योग्य वाढ सुमारे ६ टक्के. म्हणजे प्रत्यक्ष गावात जाऊन शेतकऱ्याला विचारल्याबरोबर बावीसाचे सहा झाले.

परंतु याच बारडोलीच्या शेतांत आणखी एक माणूस राबत होता, आणि त्याचा हिशेब त्या चौकशीत कोणी विचारला नाही. तो म्हणजे हाळी. जुन्या सुरत जिल्ह्यात दुबळा नावाने ओळखल्या जाणाऱ्या आदिवासी जमातीतील तरुण लग्नासाठी जमीनमालकाकडून कर्ज काढी आणि त्या दिवसापासून तो त्याचा हाळी होई. मालक त्याला धान्य, अंगावर घालायला कपडा, झोपडीपुरती जागा देई. त्याची बायको मालकाच्या घरी शेणगोठा व भांडीधुणी करी. कर्ज फिटण्याची रीतच नव्हती. आजारपणात घेतलेले मूठभर धान्यही खात्यावर चढे आणि बापाचे हाळीपण मुलाकडे जाई. गांधीजींनी या लोकांना ‘हळपती’, म्हणजे नांगराचे धनी, हे मानाचे नाव दिले. नाव पालटले, परंतु खाते तसेच राहिले.

१९३९ च्या प्रारंभी हाळींच्या मुक्तीची घोषणा बारडोलीत झाली, पण ती फार काळ टिकली नाही. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर मुंबई सरकारने या प्रथेची चौकशी दांतवाला आणि देसाई या दोन अभ्यासकांकडे सोपविली. त्यांचा अहवाल १९४८ च्या सुमारास तयार झाला. मात्र तो ग्रंथरूपाने लोकांपुढे आला नाही. जे पाहिले ते लिहिले गेले, परंतु ज्यांच्याविषयी लिहिले त्यांच्यापर्यंत पोचलेच नाही. अशा मोजदादीचा उपयोग कितीसा होणार?

पुढे १९६१-६२ साली यान ब्रेमन नावाचे एक तरुण डच समाजशास्त्रज्ञ दक्षिण गुजरातेत आले. त्यांनी दोन गावे निवडली, तेथे राहिले, आणि हाळी व मालक यांचे संबंध कसे होते व कसे पालटत आहेत हे टिपून घेतले. १९७४ साली त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. आम्हाला त्यांच्या कामात विशेष वाटते ते हे की ग्रंथ लिहून ते थांबले नाहीत. पुढील अनेक दशके ते पुनःपुन्हा त्याच मुलखात येत राहिले. एकदा येऊन पाहणे म्हणजे छायाचित्र काढणे. वारंवार येऊन तेच प्रश्न विचारणे म्हणजे रोग्याचा ताप दररोज पाहून तक्त्यावर मांडणे. ताप चढतो आहे की उतरतो आहे, हे तक्त्यावाचून कळत नाही.

अशाच एका फेरीत त्यांचे लक्ष आपल्या खानदेशी माणसांकडे गेले. १९५० च्या दशकात बारडोलीला सहकारी साखर कारखाना निघाला आणि पाठोपाठ आसपास इतरही निघाले. ऊस वाढला, पाटाचे पाणी आले, शेतकऱ्याच्या घराला गिलावा झाला. मात्र ऊस तोडण्यास स्थानिक हळपतींना फारसे घेतले गेले नाही. शेकडो मैलांवरून टोळ्या आणल्या गेल्या. हळपती मजूर वीटभट्ट्यांकडे व अन्यत्र निघून गेले. हे उफराटे का घडावे? ब्रेमन यांनी १९७८ साली त्याचे उत्तर दिले. गावच्या मजुराला गाव असते, नातेवाईक असतात, संध्याकाळी जायला घर असते. तो नाही म्हणू शकतो. परमुलखातून आलेला मजूर फडाशेजारी पालात राहतो, भाषा अर्धीच समजते, ओळख कोणाची नसते. ट्रक मध्यरात्री आला तरी मोळ्या चढविण्यासाठी त्याला उठविता येते.

या व्यवस्थेचे चालणे असे असते. पावसाळ्यात घरातले धान्य संपते. श्रावण-भाद्रपदात मुकादम येतो आणि उचल देतो. हंगामात मजुरी रोज हाती पडत नाही. पंधरवड्याला ज्वारी व थोडी खावटी मिळते आणि तिची किंमत खात्यावर लिहिली जाते. सर्व हिशेब हंगामाच्या अखेरीस होतो. अनेक पाहण्यांत असे दिसले आहे की उचलीवर पन्नास टक्के वाढ लावण्यात येते. हजाराचे दीड हजार होतात. आणि खाते मुकादमाच्या वहीत असते, मजुराच्या हाती काही नसते.

थोडे गणित मांडू. दक्षिण गुजरातेत ऊसतोडीचा किमान दर टनाला २३८ रुपये होता. मजुरांच्या संघटनांनी दीर्घकाळ नेट धरल्यावर २०२२-२३ च्या हंगामात गुजरात सरकारने तो दुप्पट, म्हणजे ४७६ रुपये केला. समजा, एका जोडीने २०,००० रुपये उचल घेतली. दीडपटीने ते झाले ३०,०००. जोडीने दिवसाला एक टन ऊस तोडून, सोलून, मोळ्या बांधून वाहनात भरला, तर जुन्या दराने ही रक्कम फेडण्यास १२६ दिवस लागत. नव्या दराने ६३ लागतात. यात पोटाला घातलेल्या ज्वारीची किंमत धरलेली नाही. केवळ वाढीव १०,००० रुपयांसाठी नवरा-बायकोचे एकवीस दिवस नव्या दरानेही जातात. दर दुप्पट झाला ही आनंदाची गोष्ट आहे. तो सरकारी कागदावरून मजुराच्या हातात किती उतरला, हे पाहण्याचे काम दर जाहीर झाल्यावरच सुरू होते.

या हिशेबात आणखी एक गोष्ट दडली आहे. नवरा आणि बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो. मुकादम ‘इतके कोयते’ म्हणून टोळी मोजतो. वहीत नाव पुरुषाचे असते, पैसे त्याच्या नावावर पडतात. पहाटे उठून भाकऱ्या थापणारी, दिवसभर मोळ्या बांधणारी, रात्री डोक्यावरून त्या गाडीत चढविणारी बाई त्या वहीत नाहीच. सुरतेच्या लेकीने जगाच्या जाहीरनाम्यात ‘पुरुष’ खोडून ‘मानव’ लिहविले. तिच्याच जिल्ह्यातील उसाच्या फडात, पाऊण शतक लोटल्यावरही, बाई हत्याराच्या नावाखाली मोजली जाते.

वहीत नसलेली बाई आजारी पडली तरी वहीत दिसत नाही. आपल्या महाराष्ट्रात याचा विदारक प्रत्यय आला. बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांविषयी बोलबाला झाल्यावर २०१९ साली डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली शासनाने समिती नेमली. ८२,३०९ स्त्रियांची पाहणी झाली. त्यांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. ही गोष्ट काही एका दिवसात घडली नव्हती. वर्षानुवर्षे ती घडत होती. कोणी विचारीत नव्हते, एवढेच.

कायद्याकडे पाहिले तर तो दुबळा नाही. घटनेच्या २३ व्या कलमाने वेठबिगार निषिद्ध आहे. १९७५ च्या ऑक्टोबरात वटहुकूम निघाला आणि १९७६ साली वेठबिगार निर्मूलनाचा कायदा झाला. त्या कायद्याने वेठीचे कर्ज फेडण्याची जबाबदारीच संपते. कर्ज वेठीचे नव्हते हे सिद्ध करण्याचा बोजा सावकारावर असतो, मजुरावर नसतो. जिल्ह्यात व उपविभागात दक्षता समिती असावी असेही त्यात सांगितले आहे. १९८२ साली सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीच्या एशियाड बांधकामांच्या खटल्यात निर्णय दिला की किमान वेतनापेक्षा कमी पैशांत काम करून घेणे हीसुद्धा सक्तीची मजुरीच होय. माणूस भुकेने लाचार होऊन ‘राजीखुशीने’ तयार झाला, एवढ्याने ती सक्ती राहत नाही असे होत नाही.

मग कायदा असून उणे कोठे पडते? १९७८ साली गांधी शांती प्रतिष्ठान आणि राष्ट्रीय श्रम संस्था यांनी दहा राज्यांत पाहणी केली व देशात २६ लाखांवर वेठबिगार असल्याचा अंदाज दिला. त्यांत गुजरातचा वाटा सुमारे १ लाख ७१ हजारांचा होता. सरकारी अहवालांत गुजरातमध्ये शोधून मुक्त केलेल्यांची संख्या वर्षानुवर्षे ६४ अशी छापली जात राहिली. पहिला आकडा अंदाज होता, त्यात कमीअधिक असू शकेल; पण पावणेदोन लाख आणि चौसष्ट यांतील अंतर हे काही बेरजेची चूक म्हणून सोडून देता येणार नाही. ज्या दक्षता समितीने शोधायचे, तिने बैठकच भरविली नाही तर तिच्या जिल्ह्यात वेठबिगार ‘शून्य’ ठरतो, आणि शून्य आकडा अहवालात शोभून दिसतो. म्हणून आमचे सांगणे असे की शून्य दिसले की प्रथम विचारावे : शोधावयास कोण गेले होते, आणि किती वेळा?

जगभरात या कामाच्या काही रीती आता बसल्या आहेत. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने सक्तीच्या मजुरीची अकरा लक्षणे सांगितली आहेत : कर्जात अडकविणे, मजुरी अडवून ठेवणे, बाहेरच्या जगापासून तोडणे, कागदपत्रे काढून घेणे, धाकदपटशा, मर्यादेबाहेर काम, राहण्याची हलाखी इत्यादी. २००८ पासून संयुक्त राष्ट्रसंघात प्रत्येक राष्ट्राची पाळीपाळीने झडती होते. भारताची चौथी पाळी २०२२ च्या नोव्हेंबरात झाली. आपल्या देशात १९९३ साली राष्ट्रीय मानवाधिकार आयोग स्थापन झाला, आणि १९९७ साली वेठबिगार कायद्याच्या अंमलावर देखरेख ठेवण्याचे काम सर्वोच्च न्यायालयाने त्याच्याकडे सोपविले. महाराष्ट्राचा राज्य आयोग २००१ पासून व गुजरातचा २००६ पासून अस्तित्वात आहे. आयोगाकडे तक्रार करण्यास वकील लागत नाही, पैसाही लागत नाही. मात्र घटनेला एक वर्ष उलटून गेल्यावर तक्रार घेतली जात नाही, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

येथे काही वाचक दोन आक्षेप घेतील, आणि ते अगदीच अवास्तव नाहीत. पहिला असा : घेतलेले पैसे फेडायला नकोत काय? फेडायलाच हवेत. आपल्या घरात आपण मुलांना हेच शिकवितो. उचल घेऊन टोळीसह पळालेल्या मुकादमामुळे बुडालेले लहान शेतकरीही आहेत. परंतु उधारी आणि बंधन यांत फरक आहे. ज्या कर्जाचा लेखी हिशेब घेणाऱ्याच्याही हाती असतो, ज्याचे व्याज ठरलेले असते, आणि जे दुसरीकडे काम करूनही फेडता येते, ते कर्ज. ज्याचा हिशेब एकाच वहीत असतो आणि जे फेडण्यासाठी अमुकाच्याच फडात राबावे लागते, ते बंधन.

दुसरा आक्षेप असा की अशा पाहण्यांनी गावाची व धंद्याची बदनामी होते. १९२८ साली बारडोलीच्या शेतकऱ्यांनी चौकशीला नकार दिला नव्हता. त्यांनी चौकशी मागितली होती. ज्याची बाजू खरी आहे त्याला मोजमापाचे भय नसते. ज्या कारखान्याच्या फडात दर नीट मिळतो, पाणी व दवाखाना आहे, मुलांची शाळा सुटत नाही, त्याचे नाव चांगल्या अर्थाने लिहिले जावे, हेही मोजदादीचेच फळ आहे.

पोप तेरावे लिओ यांनी १८९१ साली कामगारांच्या प्रश्नावर लिहिलेल्या पत्रात न्याय्य वेतनाचा आग्रह धरला, आणि पोप तेविसावे जॉन यांनी ११ एप्रिल १९६३ च्या ‘पाचेम इन तेर्रिस’ या पत्रात माणसाच्या हक्कांची यादीच दिली व प्रत्येक हक्काबरोबर कर्तव्य जोडले. १९४८ साली पॅरिसमध्ये तो जाहीरनामा संमत होत असताना हे पोप त्याच शहरात पोपप्रतिनिधी होते. त्यांच्या शिकवणुकीचा धागा आमच्या विषयाशी थेट जुळतो : मजुराचा जो हक्क, ते शेजाऱ्याचे कर्तव्य.

हे कर्तव्य खेड्यातील कुटुंब कसे पार पाडील? आम्हाला सुचते ते फार मोठे नाही. ज्या गावातून माणसे तोडीला जातात, तेथे जाण्यापूर्वी एक साधी वही ठेवावी. त्यात जाणाऱ्या प्रत्येकाचे नाव लिहावे : पुरुषाचे, त्याच्या बायकोचे, आणि सोबत निघालेल्या प्रत्येक मुलाचे. मुकादम कोण, कारखाना कोणता, उचल किती, कोणत्या तारखेला घेतली, वाढ किती ठरली, टनाला दर काय सांगितला, हे नोंदवावे. हंगामात एखादा फोन करून प्रकृती, मजुरी व मुलांची विचारपूस करावी व तीही तारखेसह टिपावी. परत आल्यावर किती टन भरले, हाती काय आले, कोणी आजारी पडले काय, कोणी मागे राहिले काय, हे पुन्हा लिहावे. पुढच्या वर्षी तेच प्रश्न त्याच क्रमाने विचारावेत. शाळेत शिकणारी मुलगीही ही वही ठेवू शकेल. दोन-तीन हंगामांनंतर त्या वहीत जे दिसेल ते तहसीलदारासमोर, दक्षता समितीसमोर किंवा आयोगासमोर ठेवता येईल, आणि तारीखवार नोंद समोर असताना ‘आमच्याकडे असे काही नाही’ असे म्हणणे कोणालाही जड जाईल.

आणि ज्यांच्या स्वतःच्या शेतात ऊस उभा आहे, वीटभट्टी आहे किंवा घरी कामाला माणूस आहे, अशा आमच्या वाचकांनी आपलीच वही प्रथम उघडावी. मजुराला हिशेबाची प्रत देतो काय? बाईचे नाव लिहितो काय? तिची मजुरी तिच्या हातात देतो काय? हे तीन प्रश्न विचारण्यास आयोगाची गरज नाही.

या दिवाळीनंतर पुन्हा टोळ्या निघतील. नवापूरच्या रस्त्याने ट्रक सुरतेकडे उतरतील. त्यांत अंथरुणे असतील, कोंबड्या असतील, तान्ही मुले असतील. त्या ट्रकमध्ये किती कोयते आहेत हे मुकादमाला पाठ असेल. त्यांत किती माणसे आहेत आणि त्यांची नावे काय, हे त्यांच्या गावात कोणाकडे तरी लिहिलेले असावे, एवढीच आमची विनंती आहे.